वकिलाच्या घरातली अफू

बाबा,

तुमच्यावर माझा राग आहे आणि वयानं तो कमी झालेला नाही, हे आधी सांगून टाकते. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. माझे केस आता तुमच्यापेक्षा पांढरे आहेत. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दलचं मन हळूहळू निवळतं असं इतरांकडून ऐकते, पण माझं तसं झालं नाही. बायकांशी बोलताना मी तुमचा उल्लेख टाळते. शाळेत शिकवत होते तेव्हा तुमच्या ओळखीचं कुणी भेटलं आणि 'मोठा तत्त्वाचा माणूस' असं म्हणायला लागलं, की मी घड्याळाकडे बघायची. आज बसून लिहिते आहे, कारण भांडायचं आहे आणि ज्याच्याशी भांडावं असं तुमच्याशिवाय कुणी नाही.

अमरावतीत तुम्हाला अफूचे वकील म्हणत. बाहेरगावचा माणूस हे ऐकून गोंधळायचा. मग त्याला सांगावं लागे की अफूच्या बाजूचे नव्हेत, अफूच्या विरुद्धचे. तुमच्या प्रत्येक भाषणात दर्यापूरकडची ती बाई असायची. कापूस वेचायला जाताना तान्ह्या मुलानं रडू नये म्हणून तिनं त्याला अफू चाटवली, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बाभळीच्या सावलीत निजवलं, आणि दुपारी पदर सोडून पाजायला गेली तर मूल थंड. तिच्यावर खटला झाला. तो तुमच्या वकिलीतला पहिलाच मोठा खटला होता. तुम्ही तिला सोडवलंत. ती कोर्टातून बाहेर आली आणि तुम्हाला म्हणाली, 'सोडोलं काहून मले?' हे वाक्य सांगताना तुमचा आवाज दर वेळी फाटायचा, आणि तो खरा फाटायचा, हे मी कबूल करते. सरकारी परवान्यानं चालणारं अफूचं दुकान पेठेत उघडं आहे, त्याच्या विक्रीवर सरकार पोसलं जातं आणि वर तेच सरकार त्या बाईवर खटला भरतं, हे तुम्हाला सहन होत नसे. त्यात चूक काहीच नव्हती. म्हणूनच तुमच्याशी भांडणं इतकं अवघड होतं.

वाचनालयाच्या सभागृहातली ती सभा मला आठवते. तुमच्या विरुद्ध बोलायला आपले नेहमीचे डॉक्टर उभे राहिले होते, जे आपल्याकडे ताप-खोकल्याला यायचे तेच. ते म्हणाले, 'वकीलसाहेब, दुकान बंद केलंत तर दुकान बंद होईल, एवढंच. अफू मागच्या दारानं येईल. आणि ज्या खेड्यात मी महिन्यातून एकदा पोचतो तिथे म्हाताऱ्या माणसाला दुखण्यावर दुसरं काय आहे, ते सांगा.' तुम्ही उठून उत्तर दिलंत, 'डॉक्टर, दुखणं माणसाला मारत नाही. सुटका मारते.' टाळ्या पडल्या. मी बायकांच्या बाजूला आईशेजारी बसले होते, मीही वाजवल्या. आईनं वाजवल्या की नाही ते मी पाहिलं नाही. वर्षभरात पेठेतलं दुकान बंद झालं आणि परवान्याशिवाय अफू जवळ ठेवणं आपल्याकडे गुन्हा ठरलं.

तुम्ही मला एक गोष्ट दिलीत, ती नाकारत नाही. रोज सकाळी तुमची दाढी होईपर्यंत इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावायचात. एखादा शब्द गिळला की आरशातूनच म्हणायचात, 'पुन्हा. शेवटच्या बाकावरच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे.' त्या वाचनानं माझा आवाज घडला, आणि त्याच आवाजावर युद्धाच्या दिवसांत मला अकोल्याच्या विमानतळावर बिनतारी खात्यात नोकरी मिळाली. बायकांची तुकडी होती, खाकी साडी होती, डोक्यावर तिरकी टोपी. तुम्ही दोन महिने माझ्याशी बोलला नाहीत. इंग्रजांच्या लढाईत आपल्या मुलीनं जावं हे तुम्हाला पटणं शक्य नव्हतं. पण एवढं शिकवून मुलीला घरात बसवलं असंही तुम्हाला लोकांनी म्हणायला नको होतं. तुम्ही शेवटी 'जा' म्हणालात ते लोकांसाठी.

आमची खोली म्हणजे लाकडी फळ्यांची झोपडी होती, खिडकीला वाळ्याच्या ताट्या, आत तीन खुर्च्या आणि भट्टीसारखी तापलेली यंत्रं. कानाला ते जड फोन लावून बसायचं. आकाशातून हाक यायची, आधी आमच्या ठाण्याचं सांकेतिक नाव, मग विमानाचं अक्षर, मग काय हवं ते, आणि शेवटी 'ओव्हर'. म्हणजे माझं संपलं, आता तू बोल. 'कृपया' नाही, 'अरे देवा' नाही. ऐकू आलं की लगेच उत्तर द्यायचं आणि वहीत मिनिटासकट लिहायचं. आमच्या गोऱ्या सार्जंटानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की वरच्या माणसाला उत्तर आलं नाही तर तो आपण मेलो असं समजतो.

वैशाखातली दुपार. एस अक्षराचं विमान सरावाला गेलं होतं. एस म्हणजे 'शुगर' असं आम्ही बोलायचो. त्याची हाक आली. आत काहीतरी फुटलं होतं आणि मशीनगन चालवणाऱ्याच्या मांडीत लोखंड घुसलं होतं. वैमानिक अगदी सपाट आवाजात बोलत होता, पण तो बटण दाबायचा तेवढा वेळ त्याच्या आवाजामागे किंचाळणं ऐकू यायचं. बटण सोडलं की शांत. पुन्हा बटण, पुन्हा किंचाळणं. मी उत्तर देते आहे, वारा कुठून आहे ते सांगते आहे, धावपट्टी मोकळी आहे म्हणते आहे, आणि प्रत्येक हाक मिनिटासकट वहीत लिहिते आहे. मग तो म्हणाला, 'मॉर्फिया दिला आहे. ओव्हर.' मी ते लिहून घेतलं. पुढच्या दोन हाकांत अजून कण्हणं होतं, आणि तिसऱ्या हाकेला त्याच्या मागे फक्त इंजिनाचा आवाज. मला वाटलं, गेला.

तो गेला नव्हता. विमान उतरलं तेव्हा मी दारातून पाहिलं. स्ट्रेचरवर आडवा पडून तो सिगारेट मागत होता. संध्याकाळी दवाखान्यातल्या मूर्तिजापूरच्या शिपायाला मी विचारलं, मॉर्फिया म्हणजे काय. तो हसला. 'ताई, थे अफूच व्हय. साहेब लोकायची अफू. विमानातल्या डब्यात जागं राहाची गोळी बी असते, अन् हे बी असते.'

त्याच आठवड्यात तुमचं कार्ड आलं, आईला बरं नाही, चार दिवस ये. बडनेऱ्याला उतरून टांग्यानं घरी आले. आईच्या पोटात गाठ होती. ती मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिनं लुगड्याचा पदर तोंडात कोंबला होता. मी पदर ओढायला गेले तर तिनं मान हलवली आणि पुढच्या खोलीकडे बोट केलं. पुढे तुमचे पक्षकार बसले होते. तुम्ही कारकुनाला काहीतरी सांगत होतात, तो आवाज स्पष्ट ऐकू येत होता, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. म्हणजे तिचाही तुम्हाला ऐकू आला असता. तो येऊ नये म्हणून ती पदर चावत होती.

पक्षकार गेल्यावर मी तुमच्यासमोर उभी राहिले. इतकी वर्षं झाली, ते बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे.

'डॉक्टर अफूचा अर्क देतो म्हणाले होते. तुम्ही नको म्हणालात?'

'हो.'

'का?'

'या घरात ती येणार नाही.'

'बाबा, हे औषध आहे. विमानात जखमी माणसाला देतात. मी स्वतः ऐकलंय.'

'इंग्रज काय करतात ते मला सांगू नकोस. त्यांनी खेड्याखेड्यात ती विकली.'

'आईला दुखतंय.'

तुम्ही चष्मा काढलात. 'मला दिसत नाही असं वाटतं तुला? उद्या मी माझ्या बायकोसाठी आणली, तर परवा प्रत्येक जण आपल्या बायकोसाठी आणेल. मग मी त्या बाईला काय सांगू?'

कोणत्या बाईला ते मी विचारलं नाही, मला माहीत होतं. एका मेलेल्या मुलाच्या आईला तुम्ही आयुष्यभर उत्तर देत होतात, आणि तुमची स्वतःची बायको भिंतीपलीकडे पडली होती. मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, 'तुझे वडील आणि मी भर सभेत भांडलोय. त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच घरात मी अफू दिली, तर हा सूड घेतला असं म्हणतील.' त्यांनाही त्यांचं नाव जपायचं होतं. दोन शहाणे पुरुष होते, आणि दोघांची तत्त्वं माझ्या आईच्या पोटावर ठेवलेली होती.

आपल्याकडे धुणं-दळणाला येणारी मावशी दर्यापूरकडचीच होती. मी न्हाणीघरात रडत बसले होते, तिनं पाहिलं. 'काहून रडून राहिली, ताई?' मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कनवटीतून कागदाची पुडी काढली. 'माह्या गुडघ्याची हाये. हरबऱ्याच्या डाळीयेवढी देजो, जास्त नोको. अन् वकीलसाहेबाले सांगजो नोको.'

चार दिवस, बाबा. पहिल्या दिवशी आई झोपली, आणि झोपेत तिचा जबडा सैल पडलेला पाहून मी घाबरले, कारण आल्यापासून मी तो आवळलेलाच पाहिला होता. दुसऱ्या दिवशी उठून बसली. तिसऱ्या दिवशी भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आली, पाटावर बसली आणि मला गोळाभाताचे गोळे कसे वळायचे ते दाखवायला लागली, कारण माझे फुटत होते. मला विचारलं, 'विमानाशी बोलतेस म्हणजे काय गं बोलतेस?' मी तिला बोलून दाखवलं, हॅलो शुगर, हॅलो शुगर. विमानाला साखर म्हणतात हे ऐकून ती इतकी हसली की मला भीती वाटली. मग प्रत्येक वाक्याला 'ओव्हर' लावायला लागली. 'मीठ आण, ओव्हर.' 'तेल जास्त तापलं, ओव्हर.' तुम्ही जेवायला आलात. तिला बसलेलं पाहून तुमचे डोळे भरले. तुम्ही म्हणालात की गेले पंधरा दिवस तुम्ही रोज पहाटे जप करत होतात. आईनं खाली मान घालून तुम्हाला वाढलं. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तुम्ही तिचं अंथरूण झटकताना पुडी तुमच्याच पायाशी पडली. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. अंगात कोर्टाचा कोट, हातात पुडी. 'ही कुठून आली?' मी खाकी साडी नेसून, ट्रंक बांधून तयार होते, टांगा यायचा होता. मावशी भांडी घासत होती. हात राखेनं भरलेले, तशीच उठली आणि म्हणाली, 'माही हाये, साहेब. म्याच देल्ली बाईले. कोनाचा काई संबंध नाई.'

हे खोटं होतं आणि एका वाक्यात ते मोडता आलं असतं. माझ्या डोक्यात त्या क्षणी काय होतं ते सांगते: नोकरी जाईल. त्या झोपडीतली माझी खुर्ची जाईल आणि मला परत या घरात यावं लागेल. मी गप्प राहिले. तुम्ही तिला आबकारीच्या इन्स्पेक्टरकडे घेऊन गेलात, स्वतः, चालत, भर उन्हात. तुम्हाला तिला नुसतं कामावरून काढता आलं असतं. पुडी मोरीत टाकून विषय संपवता आला असता. 'कायदा मी मागून आणला, तो माझ्या घराला लागू नाही असं कसं म्हणू?' असं तुम्ही जाताना म्हणालात. तिला सजा झाली. एका म्हातारीला, गुडघ्यासाठी ठेवलेल्या चिमूटभर अफूसाठी. तिची बाजू मांडायला वकील नव्हता. पूर्वी अशाच बाईसाठी उभा राहिलेला वकील तक्रारदार होता.

आई त्यानंतर तीन आठवडे जगली. मी अकोल्याला होते. कानाला फोन लावून बसले होते, एक विमान उतरत होतं, ते पूर्ण उतरल्यावर सार्जंटानं तार माझ्या हातात दिली. शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं की शेवटी शेवटी आईचा आवाज रस्त्यावर यायचा. पदराचं भान तिला राहिलं नव्हतं. तुम्ही पुढच्या खोलीत बसून राहायचात, म्हणाल्या, हातात पुस्तक, पान न उलटता. मावशी सुटून आली तेव्हा मी तिच्या झोपडीत गेले. मी क्षमा मागायला गेले होते, पण तिनंच आधी विचारलं, 'बाई गेल्या तवा लय तरास झाला काय?' मी नाही म्हणाले. मग क्षमा मागायची राहूनच गेली.

पुढचं तुम्हाला अर्धंच माहीत आहे. युद्ध संपलं, आमची तुकडी मोडली, मी अमरावतीत शाळेत लागले आणि तुमच्याच घरात राहिले, कारण एकट्या बाईला कुणी खोली देत नव्हतं. आपण एकमेकांशी भाजी, पाणी आणि पोस्ट एवढ्याच विषयांवर बोलत होतो. मग तुमची पाळी आली. हाडांत शिरलेला रोग होता, आईपेक्षा वाईट. मी वाट पाहत होते, बाबा. मला खात्री होती की आता तुम्ही मागाल. आता तत्त्व मोडेल, आणि तुमच्या तोंडावर 'आईला का नाही?' असं विचारायचं वाक्य मी घासून तयार ठेवलं होतं. डॉक्टर आले, तेही म्हातारे झाले होते. त्यांनी मॉर्फियाचं इंजेक्शन सुचवलं. तुम्ही दातओठ खात म्हणालात, 'तिला दिलं नाही. मला कसं घेऊ?'

तुम्ही ढोंगी असता तर मी आज सुखी असते. तुम्ही आठ दिवस ओरडलात आणि मागितलं नाहीत. नवव्या दिवशी मला ते ऐकवेना. मी डॉक्टरांना ओसरीवर गाठलं आणि म्हणाले, 'ताकदीचं इंजेक्शन आहे असं सांगा.' ते म्हणाले, 'तुझ्या आईच्या वेळी मी भित्रेपणा केला.' आणि बॅग उघडली.

तुम्हाला बरं वाटायला लागलं. भेटायला येणाऱ्यांना तुम्ही सांगू लागलात की निश्चयापुढे वेदनेला हार मानावी लागते. उशाशी मला बसवून तुम्ही लेख सांगितलात, वेदना आणि निग्रह यावरचा. मी लिहून घेतला, तुमच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मॉर्फियानं टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या दिसत असताना. गेल्या महिन्यात व्यसनमुक्तीचं काम करणारी दोन माणसं येऊन तो लेख मागून घेऊन गेली. पुन्हा छापणार आहेत, तुमच्या फोटोसह. खेड्यापाड्यांत वाटणार आहेत. त्यांना खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि चहा विचारला. एखाद्या खेड्यात एखादी बाई पदर तोंडात कोंबून पडली असेल आणि तिचा नवरा तो लेख वाचून दाखवेल, हे मला दिसतं आहे. उद्या जाऊन तो परत मागणार आहे. देतील की नाही, माहीत नाही.

हे पत्र तुमच्या नावानं कुठे टाकणार. कपाटात राहील. पण लिहितेच आहे तर उरलेलंही सांगते. तुम्ही जाईपर्यंत तशी बारा इंजेक्शनं झाली. त्या बारा दिवसांत तुम्ही माझ्याशी बोललात. लहानपणी मी वर्तमानपत्र वाचताना कुठे अडखळायची ते तुम्हाला आठवत होतं. आईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या हातात काय होतं ते सांगितलंत. एकदा तुम्ही माझा हात धरून झोपलात. सुरुवातीला तुम्ही कण्हायला लागल्यावर मी डॉक्टरांकडे निरोप पाठवायची. पाचव्या-सहाव्या दिवसापासून कण्हण्याची वाट पाहणं मी सोडून दिलं, निरोप त्याआधीच जायचा. तुमचं दुखणं थांबावं म्हणून मी घाई करते आहे असं डॉक्टरांना वाटत होतं. तुम्हाला तेव्हा काही दुखत नव्हतं. तुम्ही नुसते गप्प झाला होतात, पूर्वीसारखे.